लिंक गेली तर पंपाने काय करायचं? हरवलेला डेटा, खोटा डेटा आणि दूरनियंत्रणाची स्थिरता

प्रश्न फोंडा तालुक्यातल्या एका पाणीयोजनेवर काम करणाऱ्या तरुण अभियंत्याचा आहे. थोडक्यात असा: टेकडीवरच्या टाकीची पातळी रेडिओवरून नदीकाठच्या पंपघरात येते आणि तिथला पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) तिच्यावरून पंप चालू-बंद करतो. पावसाळ्यात पॅकेट (रेडिओवरून येणारे डेटाचे तुकडे) हरवतात. त्यात आता वरिष्ठांनी विचारलं आहे की सायबर हल्ला झाला तर ही यंत्रणा टिकेल का. फायरवॉल घ्यावी की कंट्रोल लॉजिक बदलावं? किती टक्के पॅकेट लॉस चालतो? आणि लिंकसाठी दोन सिमकार्डं घ्यावीत का?

आधी लॉजिक बदला. फायरवॉलही लागेल, पण ती नंतर. कारण फायरवॉल पावसाला अडवत नाही, आणि जो हल्लेखोर तुमच्या रेडिओच्या वारंवारितेवर नुसता गोंगाट सोडून लिंक बंद पाडतो, त्यालाही अडवत नाही. लिंक गेली, मग ती कशानेही गेलेली असो, तर पंपघराने स्वतःच्या जोरावर काय करायचं हे आधी ठरलं पाहिजे. ते ठरवायचं तर एकच आकडा काढावा लागतो: काहीच माहिती आली नाही तर तुमची प्रक्रिया किती वेळ सुरक्षित राहते?

तुमच्यासारख्या टाकीचं गणित करून दाखवतो. समजा टाकीचं क्षेत्रफळ १०० चौरस मीटर, पंप तासाला ६० घनमीटर पाणी देतो, पंप बंद करायची पातळी ३.५ मीटर आणि पाणी ३.९ मीटरला ओसंडतं. गावात कुणीच नळ उघडला नाही असं धरलं तर पातळी तासाला ६० सेंटीमीटर, म्हणजे मिनिटाला १ सेंटीमीटर चढेल. पंप बंद व्हायच्या क्षणीच लिंक गेली तर ओसंडायला ४० मिनिटं आहेत. उलट बाजूला, गावाची जास्तीत जास्त मागणी तासाला ४० घनमीटर धरली आणि पंप बंद असताना पातळी २ मीटर असेल, तर ती ०.८ मीटरवर यायला ३ तास लागतात. भरण्याचा धोका मिनिटांत आणि रिकामं होण्याचा तासांत. दोन्ही बाजूंना एकच ‘कम्युनिकेशन फेल टाइमर’ लावलेला मी बऱ्याच ठिकाणी पाहतो. त्याला काही अर्थ नाही.

आता हेच गणित पीएलसीमध्ये घाला. पंपघरात फ्लोमीटर आहेच, तो तारेने जोडलेला आहे, त्याला रेडिओ लागत नाही. लिंक गेली की शेवटच्या खात्रीच्या पातळीपासून दोन अंदाज चालवायचे: एक ‘मागणी शून्य’ धरून वरचा, दुसरा ‘मागणी कमाल’ धरून खालचा. शेवटची पातळी २.५ मीटर असेल आणि पंप चालू असेल, तर वरचा अंदाज १०० मिनिटांत ३.५ मीटरला पोहोचतो. तिथे पंप बंद. त्याच क्षणी खालचा अंदाज साधारण २.८३ मीटर असेल. खरी पातळी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. पंप बंद ठेवला तर खालचा अंदाज ०.८ मीटरवर यायला आणखी ५ तास लागतात. म्हणजे लिंक गेल्यापासून साडेसहा तासांहून जास्त वेळ ना टाकी ओसंडणार, ना गावाचं पाणी तुटणार. तेवढ्या वेळात माणूस टेकडीवर जाऊन पातळी बघून येतो. भर पावसातही.

यात एक भगदाड आहे, ते बुजवा. वर जाणारी मुख्य वाहिनी मध्येच फुटली तर फ्लोमीटर पाणी दाखवेल, पण टाकीत काही पोचणार नाही. म्हणून पंपाच्या डिलिव्हरी बाजूला प्रेशर ट्रान्समीटर हवा. वाहिनी फुटली की दाब पडतो आणि प्रवाह वाढतो. ही जोडी दिसली तर अंदाज बाजूला ठेवून पंप थांबवायचा.

किती टक्के लॉस चालतो, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ते प्रक्रियेवर अवलंबून आहे. टाकी ही स्वतःहून बिथरणारी वस्तू नाही. पाणी येतं आणि जातं यातल्या फरकाइतकीच ती हलते, त्यामुळे तिथे टक्क्यांपेक्षा सलग किती मिनिटं शांतता आहे हे महत्त्वाचं. वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या औषध कारखान्यातली उष्णता सोडणारी रिअ‍ॅक्शन घ्या. तिथे थंडावा कमी पडला की तापमान वाढतं, तापमान वाढलं की रिअ‍ॅक्शन जोर धरते. समजा नियंत्रणाविना तिथली चूक, म्हणजे हव्या तापमानापासूनचा फरक, दर ४ मिनिटांनी दुप्पट होते.

अशा प्रक्रियेसाठी एक नेटका निकष आहे. ब्रुनो सिनोपोली आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अधूनमधून हरवणाऱ्या मोजमापांवर काल्मन फिल्टर (मोजमापांवरून खऱ्या स्थितीचा अंदाज काढणारी गणिती रीत) चालवला तर काय होतं ते मांडलं. एकच अस्थिर घटक असेल तर सूत्र सोपं आहे: एका सॅम्पलपासून (म्हणजे मोजमापापासून) दुसऱ्या सॅम्पलपर्यंत चूक जितक्या पटीने वाढते त्या आकड्याचा वर्ग करा आणि १ ला त्याने भागा. हरवण्याची शक्यता त्याहून कमी असेल तरच अंदाजातली सरासरी वर्गचूक आवाक्यात राहते. आपल्या उदाहरणात दर ४ मिनिटांनी सॅम्पल घेतलं तर पट २, वर्ग ४, म्हणजे मर्यादा २५ टक्के. दर २ मिनिटांनी घेतलं तर मर्यादा ५० टक्के. दर मिनिटाला घेतलं तर सुमारे ७० टक्के. प्रक्रिया तीच, रेडिओ तोच, पण मर्यादा कुठून कुठे गेली पाहा. म्हणून ‘५ टक्के लॉस चालतो, १० चालत नाही’ असं सरसकट सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पण या ७० टक्क्यांवरही डोळे झाकून विसंबू नका. सूत्रात प्रत्येक पॅकेट स्वतंत्रपणे हरवतं असं गृहीत आहे. आपल्याकडे जूनमध्ये तसं होत नाही. वीज कडाडली, मोबाइल टॉवरची बॅटरी संपली, अँटेनाच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की तासभर काहीच येत नाही, आणि त्याआधी-नंतर सगळं छान येतं. महिन्याच्या सरासरीत हा लॉस २ टक्केसुद्धा दिसणार नाही. तेव्हा लॉगमधून सरासरी काढण्यापेक्षा सर्वांत लांब खंड काढा. शिवाय सॅम्पल वेगाने घ्यायला लागलात की त्याच चॅनलवर गर्दी वाढते आणि लॉसही वाढतो, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने जातं.

हल्ल्याच्या बाबतीत तर शक्यतेची भाषाच अपुरी पडते. हल्लेखोर नाणं उडवून पॅकेट अडवत नाही, तो वेळ निवडतो. म्हणून क्लाउडिओ दे पेर्सिस आणि पिएत्रो तेसी यांनी २०१५ मध्ये वेगळ्या अंगाने विचार केला: हल्ला कसा आहे हे धरायचं नाही, फक्त तो एकूण किती काळ आणि किती वारंवार होतो यावर मर्यादा घालायची. लिंक नसताना चूक ज्या वेगाने वाढते आणि लिंक असताना ज्या वेगाने घटते, त्या दोन वेगांच्या प्रमाणावर ही मर्यादा ठरते. आपल्या रिअ‍ॅक्टरमध्ये लिंक नसताना चूक ४ मिनिटांत दुप्पट आणि लिंक असताना २ मिनिटांत निम्मी होत असेल, तर दीर्घकाळात दोन-तृतीयांश वेळेपर्यंतची नाकेबंदी तत्त्वतः पचते. म्हणजे तासात ४० मिनिटं.

आता हीच ४० मिनिटं सलग आली तर? चूक १० वेळा दुप्पट होते, म्हणजे १०२४ पट. कागदावर ती पुढच्या २० मिनिटांत परत खाली येते. प्रत्यक्षात तोवर रप्चर डिस्क (दाब फार वाढला की फुटणारी सुरक्षा चकती) फुटलेली असते. स्थिरतेचा सिद्धांत सांगतो की अखेरीस चूक परत येईल. मधल्या वेळात ती भिंतीला धडकणार नाही असं तो सांगत नाही. शोधनिबंध वाचताना आपल्या क्षेत्रातली मुलं इथेच फसतात, म्हणून हे मुद्दाम लांबवून सांगितलं. असल्या रिअ‍ॅक्टरचा मुख्य लूप (मोजणं आणि लगेच दुरुस्त करणं यांचं चक्र) नेटवर्कवरून चालवूच नये. तो शेजारच्या पॅनेलमध्ये, तारेने. नेटवर्कवरून फक्त सेटपॉइंट (कुठल्या तापमानावर ठेवायचं तो आकडा), आणि तोही ठरलेल्या हद्दीतच.

लिंक गेल्यावर शेवटचा आदेश धरून ठेवायचा की शून्यावर जायचं, हा जुना वाद आहे. लुका शेनातो यांनी २००९ मध्ये दाखवलं की दोहोंपैकी कुठलीच रीत नेहमी सरस ठरत नाही. प्रत्यक्ष कामात मी प्रत्येक उपकरणाला वेगळं विचारतो. वाफेचा व्हॉल्व्ह: हवा गेली, सिग्नल गेला की बंद. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह: उघडा. तुमचा पंप: वरचा अंदाज सांगेल तोवर आहे तसा, मग बंद. आणि जिथे अ‍ॅक्च्युएटर (व्हॉल्व्ह-पंप हलवणारं उपकरण) जरा हुशार आहे तिथे कंट्रोलरने एका पॅकेटमध्ये एकच आदेश न पाठवता पुढच्या काही पावलांचे आदेशही पाठवावेत. मधली पॅकेटं हरवली तर अ‍ॅक्च्युएटर साठ्यातला पुढचा आदेश वापरतो. साठा संपला की ठरलेल्या सुरक्षित स्थितीत जातो.

धरून ठेवलेल्या आकड्याने काय होतं याचं एक उदाहरण माझ्यासमोर घडलेलं आहे, तुमच्यासारख्याच एका योजनेत. स्क्रीनवर पातळी २.८४ मीटर. रात्रभर २.८४. आकडा हिरवाच, कारण मॉडेमचं पंपघराशी बोलणं चालू होतं. मॉडेमच्या मागचा लेव्हल ट्रान्समीटरचा संच बंद पडला होता आणि मॉडेम आपल्याकडचा शेवटचा आकडा इमानेइतबारे पाठवत होता. पंप चालू राहिला. टाकी ओसंडली, आणि बाहेर असा पाऊस होता की टेकडीवरून वाहणारं पाणी टाकीचं आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. पहाटे ड्यूटीवर आलेल्या ऑपरेटरने पाण्याचा वास घेतला, क्लोरीन ओळखला, आणि मग पंप बंद केला.

यावर उपाय स्वस्त आहे. टाकीवरच्या संचात दर सेकंदाला एकाने वाढणारा काउंटर ठेवा आणि तो पातळीबरोबर त्याच संदेशात पाठवा. मॉडेमने नव्हे, जिथे मोजमाप होतं त्याच संचाने तो वाढवला पाहिजे. पंपघरात काउंटर पुढे सरकला नाही की तो आकडा शिळा. स्क्रीनवर त्याचा रंग बदलला पाहिजे आणि लॉजिकने तो वापरणं थांबवलं पाहिजे. एवढं केलं की हरवलेल्या डेटाचा बराचसा प्रश्न मिटतो.

खोट्या डेटाचा मात्र मिटत नाही. हरवलेलं पॅकेट निदान हरवलंय हे कळतं. ऑस्ट्रेलियातल्या मारूची शायरमध्ये २००० साली कंत्राटदाराच्या एका माजी कर्मचाऱ्याने रेडिओवरून सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनांना आदेश दिले आणि सुमारे ८ लाख लिटर मैलापाणी ओढ्यांत, बागांत सोडलं. त्याने काही फार अवघड केलं नव्हतं. त्याच्याकडे रेडिओ होता, सॉफ्टवेअर होतं, आणि यंत्रणा समोरच्याला ‘तू कोण’ असं विचारत नव्हती. मॉडबस हा पीएलसीसारख्या उपकरणांच्या आपसातल्या संवादाचा १९७९ चा प्रोटोकॉल आहे. त्याच्या मूळ रूपात ओळख पटवण्याची सोयच नाही. म्हणून संदेशाला गुप्त किल्लीने काढलेला ओळखकोड जोडणं आणि तो काउंटर त्या कोडच्या आत घेणं, हे मी संदेश कुलूपबंद करण्यापेक्षाही आधी करतो. टाकीत किती पाणी आहे हे गुपित नाही. ते खरं आहे की नाही, यावर सगळं अवलंबून आहे. ९६०० बॉडच्या (म्हणजे संथ गतीच्या) रेडिओवर प्रत्येक जादा बाइट वेळ खातो, तेव्हा आधी कशावर खर्च करायचा हे ठरवावंच लागतं.

पण कोड जुळला तरी आकडा खोटा असू शकतो, कारण किल्ली असलेला संचच कुणी ताब्यात घेतला असेल. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेटने (हे एक घातक सॉफ्टवेअर) इराणच्या नतांझ इथल्या युरेनियम समृद्धीच्या सेंट्रिफ्यूजचे वेग बिघडवले आणि त्या वेळी ऑपरेटरना आधी टिपून ठेवलेले नेहमीचे आकडे दाखवत राहिला. असल्या खेळाला पकडायला भौतिकशास्त्रच कामाला लावावं लागतं.

तुमच्या टाकीत पातळी मिनिटाला १ सेंटीमीटरपेक्षा जास्त चढूच शकत नाही, कारण पंपाची तेवढी ताकदच नाही. १० सेंटीमीटरची उडी आली तर ती पाण्याची नाही. हुशार हल्लेखोर उडी मारणार नाही, तो तासाला थोडं थोडं सरकवेल. त्यासाठी फरकांची बेरीज ठेवावी लागते: अपेक्षित पातळी आणि आलेली पातळी यांतला छोटा फरक एकाच दिशेने साचत गेला, की बेरीज ठरावीक आकड्यापुढे जाते आणि घंटा वाजते. जुनं रेकॉर्डिंग परत वाजवणाऱ्यासाठी मो आणि सिनोपोली यांनी २००९ मध्ये सुचवलेली युक्ती मला फार आवडते. नियंत्रणात आपणच एक बारीक, फक्त आपल्यालाच माहीत असलेला चाळा घालायचा. पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) असेल तर वारंवारिता ४८ हर्ट्झच्या आसपास किंचित वर-खाली, दरवेळी वेगळ्या क्रमाने. टाकीच्या टोकाला येणाऱ्या वाहिनीच्या दाबात त्या चाळ्याचा ठसा दिसलाच पाहिजे. कालचं रेकॉर्डिंग असेल तर त्यात कालचा चाळा असेल. याची किंमत म्हणजे नियंत्रण थोडं कमी गुळगुळीत होतं. पंपाला ते चालतं.

सेन्सर वाढवून सुरक्षितता मिळते, पण एका मर्यादेपर्यंत. खोटं बोलणारे सेन्सर निम्म्याहून कमी असतील तरच बाकीच्यांवरून खरं काय ते काढता येतं. तिघांपैकी एक बिघडला तर चालतो, दोन बिघडले तर नाही. आणि ते तिघे एकाच आरटीयूला (टाकीवरची मोजमापं गोळा करून पाठवणाऱ्या संचाला), एकाच पासवर्डमागे असतील, तर हल्लेखोराच्या दृष्टीने तो एकच सेन्सर आहे.

म्हणून शेवटची हद्द नेटवर्कच्या बाहेर ठेवा. तुमच्या योजनेत यासाठी मला सगळ्यात भरवशाची वाटणारी गोष्ट म्हणजे टाकीच्या इनलेटवर तरंगत्या गोळ्याचा, हळू बंद होणारा व्हॉल्व्ह. टाकी भरली की तो बंद होतो, वाहिनीतला दाब वाढतो, प्रवाह जवळपास थांबतो, आणि पंपघरातला तारेने जोडलेला प्रेशर स्विच व कमी प्रवाहाचा इंटरलॉक (धोका दिसताच आपोआप रोखणारी जोडणी) पंप ट्रिप करतो, म्हणजे बंद पाडतो. टाकी भरल्याचा निरोप पाण्याच्या वाहिनीतूनच खाली आला. त्यात ना मॉडेम, ना पासवर्ड. व्हॉल्व्ह झटक्यात बंद होणारा घेऊ नका, वॉटर हॅमरने (पाणी अचानक अडल्याने बसणाऱ्या दाबाच्या धक्क्याने) सांधे उखडतील. वाहिनीची दाबक्षमताही तपासून घ्या. आणि हा इंटरलॉक पीएलसीच्या आउटपुटमधून न नेता थेट स्टार्टरच्या कॉइलमध्ये न्या, म्हणजे प्रोग्राम कुणी बदलला तरी तो चालेल. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ट्रायटन नावाच्या मालवेअरने थेट सुरक्षा कंट्रोलरलाच हात घातला होता. त्या कंट्रोलरची चावी ‘प्रोग्राम’ स्थितीत राहिली होती, म्हणून ते शक्य झालं. तुमच्या पीएलसीला चावी असेल तर आज जाऊन ती ‘रन’वर करा आणि काढून कुलपात ठेवा.

लिंक परत येते तो क्षणही जपायला हवा, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. मधल्या काळात न पोचलेले आदेश कुठेतरी रांगेत थांबलेले असतात. टीसीपी (नेटवर्कवर डेटा खात्रीने पोचवणारी पद्धत) ते परत परत पाठवतं, एमक्यूटीटी या संदेशपद्धतीचा ब्रोकरही (मधला सर्व्हर) सेटिंग तसं असेल तर साठवून ठेवतो, आणि संपर्क जुळताच दोन तासांपूर्वीचा ‘पंप चालू’ आत्ता येऊन धडकतो. प्रत्येक आदेशाला मुदत हवी. मुदत टळलेला आदेश टाकून द्यायचा, फक्त सर्वांत ताजा पाळायचा. पीआयडी लूप (फरकावरून आदेश काढणारं नेहमीचं नियंत्रण) असेल तर लिंक नसताना त्याचं इंटिग्रल (साचत जाणाऱ्या फरकाची बेरीज) गोठवा, नाहीतर परत येताना व्हॉल्व्ह एका टोकाला जाऊन आपटेल.

बाकी नेहमीची पथ्यं थोडक्यात. मॉडेमला सार्वजनिक आयपी नको, मॉडबसचं ५०२ पोर्ट इंटरनेटवर उघडं नको, खासगी एपीएन (मोबाइल नेटवर्कवरचा बंद मार्ग) किंवा व्हीपीएन हवं. पुरवठादाराचा दूरून येण्याचा रस्ता काम असेल तेव्हाच उघडायचा आणि काम झालं की बंद. ऑफिसचं नेटवर्क आणि स्काडा (पंप-टाक्यांवर दूरून नजर ठेवणारी यंत्रणा) वेगळे. सर्व संचांची घड्याळं एकाच वेळेला बांधलेली, नाहीतर घटनेनंतर लॉग जुळवताना डोकं धरून बसावं लागतं. सर्ट-इनच्या (सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. वरिष्ठांना हे सांगा, त्यांना निधी मंजूर करायला कारण मिळेल.

दोन सिमकार्डांबद्दल विचारलंत. दोन कंपन्यांची सिम घेतली तरी बऱ्याच वेळा दोन्हींचे अँटेना एकाच मनोऱ्यावर असतात आणि मनोऱ्याची वीज गेली की दोन्ही जातात. त्यापेक्षा एक रेडिओ आणि एक सिम ही जोडी घ्या.

आणि सगळं बसवून झालं की मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, अँटेनाची केबल स्वतः काढा. एकदा टाकी भरत आलेली असताना, एकदा खाली असताना, एकदा पंप चालू व्हायच्या क्षणी. मग टाकीवरच्या संचाला लॅपटॉप लावून मुद्दाम खोटी पातळी पाठवा. ऑपरेटरना आधी सांगू नका, फक्त टेकडीवर आणि स्टार्टरजवळ एकेक माणूस उभा ठेवा. पंप कधी थांबला, घंटा कधी वाजली आणि ऑपरेटरने हाताने पंप घ्यायला किती वेळ लावला, या तिन्ही वेळा वहीत लिहा. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनच्या वीजकंपन्यांवर हल्ला झाला तेव्हा सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली, आणि ती काही तासांत परत आली ती सबस्टेशनमध्ये जाऊन हाताने ब्रेकर लावणाऱ्या माणसांमुळे. तुमच्या पंपघरातल्या ‘लोकल-रिमोट’ स्विचला गंज चढला आहे का, तेही त्याच दिवशी बघून घ्या.